सातवी जागा

(वॉरिक टेनंटची गॅलरी, दुपारची वेळ. भिंतीवर दोन माणसं आडवी मावतील एवढं लांब, समुद्रावरच्या सूर्योदयाचं चित्र.)

वॉरिक: ...इथं, या रेघेवर. नुसती सही. तुमच्या नवऱ्याचा चेहरा चित्रात ओळखू येतो, म्हणून घरच्यांची परवानगी मागतात, बाकी काही नाही. शुक्रवारच्या आत कागद सिडनीला पोचला पाहिजे.

ल्यूबा: करते. आधी मूळ फोटो दाखवा.

वॉरिक: मूळ म्हणजे? हेच की, भिंतीवरचं. स्पर्धेच्या अंतिम फेरीत आहे, ल्यूबा. साऱ्या देशातून बारा निवडली, त्यात हे एक. छत्तीस वर्षं मी लोकांच्या लग्नांचे फोटो काढले, कुत्रं विचारत नव्हतं. आज तुमचा ब्लागोया असता तर...

ल्यूबा: तर म्हणाला असता, माझं पोट केवढं दिसतंय. हे भिंतीवरचं राहू द्या. हे जे फोटो जोडून केलंय ते दाखवा. पस्तीस असतील ना?

वॉरिक: पस्तीस कुणी सांगितलं तुम्हाला?

ल्यूबा: तुम्हीच. गेल्या महिन्यात वाचनालयात वर्ग घेतलात, तेव्हा मी मागच्या रांगेत होते. सात जागा, प्रत्येक जागी पाच फोटो. पहिला काळाकुट्ट, पाचवा पांढराफटक. काळ्यातून आभाळ घ्यायचं, पांढऱ्यातून सावल्या, मग सगळं शिवायचं गोधडीसारखं. वहीत उतरवून घेतलंय मी.

वॉरिक: अहो, मग ओळख तरी द्यायचीत. चहा पाजला असता.

ल्यूबा: चहाला नव्हते आले. शिकायला आले होते.

वॉरिक: हे बघा, कच्चे फोटो म्हणजे नुसता कच्चा माल असतो. उगाच मन खराब होईल तुमचं.

ल्यूबा: मन मार्चमध्येच खराब होऊन गेलं. बुडाल्यावर चौथ्या दिवशी सापडला, तेव्हा ओळख पटवायला मला नेलं होतं, तुम्हाला नाही. परीक्षक कच्चे फोटो मागतात ना? हेही तुम्हीच सांगितलंत. त्यांना दाखवता, मग मला दाखवायला काय जातं?

वॉरिक: ते बनवाबनवी नाही ना एवढंच बघतात. एकेक मोजत कोण बसतंय.

ल्यूबा: मी बसते.

वॉरिक: बरं बाई. हे पहिल्या जागेचे. एक ते पाच. नुसता कडा. इकडे सूर्य, इकडे काळा खडक, एका फोटोत दोन्ही मावत नाहीत. खडक धरावा तर सूर्य जळतो, सूर्य धरावा तर खडक डांबरासारखा. म्हणून ही सगळी उठाठेव. हे दुसऱ्या जागेचे. दहापर्यंत.

ल्यूबा: आता तिसरी. थांबा. अकरा नंबर. हा उभा आहे. बारामध्ये स्वेटर पण दिसतोय, लाल. मीच विणला होता. तोंड कुणाकडे आहे त्याचं?

वॉरिक: माझ्याकडे.

ल्यूबा: म्हणजे समुद्राकडे पाठ.

वॉरिक: क्षणभरच.

ल्यूबा: कारखान्याच्या भट्टीवरची पाळी सुटली की तो त्या खडकावर, गळ टाकून. तीस वर्षं. पोरं बोलायला लागायच्या आधी त्यानं त्यांना शिकवलं, समुद्राला पाठ दाखवायची नाही. लघवीला उभा राहिला तरी तोंड पाण्याकडे. मग त्या दिवशीच कसा फिरला?

वॉरिक: आमिष घ्यायला वळला असेल.

ल्यूबा: आमिषाचा डबा कमरेला असायचा. आणि दोन्ही हात खाली सोडून ताठ उभा आहे, शाळेच्या फोटोतल्यासारखा. वर्गात काय सांगितलंत? माणूस हलला की जोडताना एकाची दोन भुतं होतात, म्हणून त्याला म्हणा, पुतळा हो.

वॉरिक: ...मी म्हटलं, मिनिटभर इकडे बघून उभा राहा. तो हसला. म्हणाला, आटप लवकर. मी काही बांधून नव्हतं ठेवलं त्याला.

ल्यूबा: चौकशीत म्हणालात, आमचं बोलणंच झालं नाही.

वॉरिक: सांगून काय तो परत येणार होता?

ल्यूबा: नव्हता येणार. तेरा.

वॉरिक: तेरामध्ये लाट आहे.

ल्यूबा: लाट आहे, तो नाही. आणि भिंतीवर तर मजेत उभा आहे.

वॉरिक: जोडताना संगणक विचारतो, काहीतरी हललंय, कुठला फोटो खरा धरू? मी बारावा धरला, चेहरा जरा उजळून घेतला. खरं तर तुमच्यासाठीच. त्याला पुसून टाकणं बरं दिसलं नसतं.

ल्यूबा: उपकार झाले. पुढे.

वॉरिक: चौदा नि पंधरा आपोआप निघतात. एकदा बटण दाबलं की पाचही काढूनच थांबतो कॅमेरा. त्याला मी काय करणार?

ल्यूबा: काही नाही. सोळा कसा निघतो?

वॉरिक: ल्यूबा, ऐका जरा.

ल्यूबा: सोळा चौथ्या जागेचा. कॅमेरा हातानं फिरवायचा, खूण खुणेला लावायची, पातळी बघायची, मग बटण. हे पण वहीत आहे. सोळासाठी फिरवलात, एकवीससाठी फिरवलात, सव्वीससाठी, एकतीससाठी.

वॉरिक: ओघात होतं ते. हात आपले चालत राहतात. धक्का बसला होता मला.

ल्यूबा: धक्का बसलेल्या माणसाचा हात फार सरळ हो तुमचा. बावीस फोटो, एक वाकडा नाही. तेराची वेळ वाचा.

वॉरिक: सात वाजून आठ मिनिटं, अकरा सेकंद.

ल्यूबा: पस्तीसची?

वॉरिक: सात नऊ... बावन्न सेकंद.

ल्यूबा: एक मिनिट एकेचाळीस. तुम्ही काय सांगितलं होतं? मान वर केली, तो दिसला नाही, तसाच धावलो.

वॉरिक: धावलोच की नंतर. तुम्हाला कळत नाहीये. तसा सूर्य वर्षातून एकदा मिळतो, आणि चार-पाच मिनिटांत हातचा जातो. मध्येच सोडलं तर मागचे तेरा मातीत. आणि मला वाटलं, येईल पोहत. चांगला पोहायचा ना तो?

ल्यूबा: चांगला पोहायचा. पंचवीस काढा.

वॉरिक: त्यात काही नाही. पाचव्या जागेचा सगळ्यात पांढरा तो. आभाळ पार जळून गेलंय.

ल्यूबा: आभाळ नकोय मला. पांढऱ्यात सावल्या उघडतात म्हणालात. खाली चला, खडकाच्या पोटात. मोठं करा. अजून.

वॉरिक: फेस आहे तो.

ल्यूबा: फेसाला लाल बाही असते? हात वर केलाय. कुणाला करतोय?

वॉरिक: तेव्हा नव्हतं दिसलं, आईशप्पथ. कॅमेऱ्याच्या पाठीवर एवढंसं दिसतं. घरी येऊन मोठं केलं तेव्हा दिसलं.

ल्यूबा: मग काय केलंत?

वॉरिक: तेवढ्या तुकड्याला तेविसावा लावला. त्यात सावली काळीच राहते.

ल्यूबा: म्हणजे जिवंत होता तो कापला, आणि उभा होता तो ठेवला.

वॉरिक: तुम्ही फार वाईट शब्दांत बोलता हो.

ल्यूबा: चांगले शब्द तुम्ही वापरलेत ना खाली, पाटीवर. "खडकाचा सोबती". भिंतीवर मी सहाच जागा मोजल्या. सातवी कुठं गेली?

वॉरिक: उजवीकडून थोडं छाटलं. एक खांब येत होता मध्ये. नजर सारखी तिकडे जायची.

ल्यूबा: कसला खांब?

वॉरिक: असाच. साधा.

ल्यूबा: पस्तिसावा उघडा.

वॉरिक: काय करायचंय आता...

ल्यूबा: उघड म्हणते ना. हा साधा खांब? याचा खड्डा ब्लागोयानं खणलाय. सगळ्या मच्छीमारांनी वर्गणी काढली, कुणी बुडालं तर फेकायला एक तरंगतं कडं असावं म्हणून. हे बघ, नारिंगी. दोरीसकट आहे. तुझ्या कॅमेऱ्याच्या तिकाटण्यापासून किती पावलं?

वॉरिक: पाच असतील. सहा.

ल्यूबा: सात वाजून नऊ मिनिटं बावन्न सेकंद, आणि कडं खिळ्यावर. तू त्याचे पाच फोटो काढलेस, वॉरिक. एकेक उजेडाचा. आणि हात नाही लावलास.

वॉरिक: कॅमेऱ्यातून बघताना ते कडं नसतं, ल्यूबा. एक रंग असतो, नको त्या ठिकाणी आलेला. तुला नाही समजायचं.

ल्यूबा: मला समजलंय. तुलाच कळायचं राहिलंय. रडू नकोस, तुझ्या डोळ्यांना पाणी शोभत नाही.

वॉरिक: आता तू पोलिसांत जाणार. सही तर नाहीच करणार.

ल्यूबा: पोलिसांचं मी बघेन. सही करते. आण पेन.

वॉरिक: करतेस?

ल्यूबा: एका अटीवर. सातवी जागा परत जोड, खांब आणि कडं सगळं आलं पाहिजे. आणि पाचव्या जागी तो पंचविसावा लाव, बाहीसकट. पुरं चित्र सिडनीला जाऊ दे. लोकांनी रांगा लावून बघू दे.

वॉरिक: खांबाचं जमेल. थोडा फिका करून टाकता येईल. पण बाही नको, ल्यूबा. ती एकदा दिसली की मग सूर्याकडे कोण बघणार.