सहाव्या दगडाची सडक

ऐका. शेकोटीजवळ सरका सगळे. ताई, तुम्ही पण या पुढं, मागं अंधारात बसू नका.

तुम्ही मघाशी म्हणालात, आबा, आम्ही कोल्हापुरावरनं सायकली घेऊन आलोय ते सांडवीच्या खोऱ्यातल्या जुन्या सडकेसाठीच. मुरूम-खडीची सडक, वर झाडी, खाली ओढा, आणि दिवसभरात एक गाडी म्हणून येत न्हाई. जेवण झालं की चांदण्यात पावटेवाडीपतुर जाऊन येतो म्हणालात. जा की. तुमचे पाय, तुमच्या सायकली. पण गाडी येत न्हाई ती का येत न्हाई, तेवढं ऐकून जा.

मी त्या सडकेचा मैलकुली. म्हणजे सरकारी सडकेचा एकेक तुकडा सांभाळायला गडी नेमलेला असायचा, तो. खड्डा पडला की मुरूम टाकायचा, चर मोकळा करायचा, मैलाच्या दगडाला चुना मारायचा. इथनं, शिरसवण्यापासनं, चौथ्या दगडापतुर माझा तुकडा. तिथनं पुढं केरबाचा. आम्ही दोघं एकाच वाडीचे, पावटेवाडीचे; मी इथं शिरसवण्याला राह्यला आलो ते पुष्कळ नंतर.

एकसष्ट सालच्या श्रावणात डोंगर खाली आला. पाचव्या दगडाच्या पुढं, सहाव्याच्या आसपास, अर्धा फर्लांग, म्हणजे शे-सव्वाशे पावलं सडक होती तशी दरीत गेली. सहावा दगड पण गेला. सरकारनं मग नदीच्या पल्याडनं डांबरी रस्ता केला आणि ही सडक सोडून दिली. झालं ते एवढंच, असं समजा आत्ता.

आता खरी गोष्ट. त्र्याऐंशी साल. पौषाची थंडी. शिरसवण्याला सरकारी दवाखान्यात माणिकबाई म्हणून नर्स व्हत्या. कऱ्हाडकडच्या. अठ्ठावीस-तीसच्या असतील. सायकल चालवायच्या. सुरुवातीला लोक हसायचे, मग हसायचे बंद झाले, कारण कुणाच्या घरी पाळणा हलायचा असला की त्याच सायकलीची वाट बघायला लागायची.

त्या दिवशी सांजच्या एसटीच्या कंडक्टरनं त्यांना चिठ्ठी आणून दिली. पावटेवाडीची हौसा अडलीय, दुपारपासनं कळा हायत, मूल आडवं हाय, लवकर या. हौसाची आधीची दोन पोटातच गेलेली. हे तिसरं. नवरा बिचारा रानातनं घरात आणि घरातनं रानात करत व्हता. माझ्या समोरचंच घर त्यांचं.

एसटी परत जायची नव्हती. डांबरीनं पावटेवाडी सव्वीस किलोमीटर. जुन्या सडकेनं सात मैल, म्हणजे अकरा किलोमीटर. बाईंनी विचार केला, दरडीपतुर सायकलवर जाऊ, तिथं खाली उतरून पायवाटेनं ओढ्यातनं सायकल उचलून नेऊ, पल्याड पुन्हा बसू. दिवसा त्यांनी दोनदा केलं व्हतं असं. पिशवी हँडलला बांधली, बॅटरी पुढं बांधली, आणि निघाल्या. अंधार पडून गेलेला.

हे सगळं मला कुणी ऐकीव सांगितलं न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी स्वतः सांगितलं, माझ्या ओसरीवर बसून. चहाचा कप हातात धरून.

पहिल्या तीन दगडांपतुर काही न्हाई. गार वारा, टायरखाली खडीचा कर्रकर्र आवाज. चौथा दगड मागं गेला. आणि बाईंच्या ध्यानात आलं, की खडी दोनदा वाजतेय. एकदा त्यांच्या टायरखाली. एकदा मागं.

त्या थांबल्या. मागचा आवाज थांबला. निघाल्या. मागचा निघाला.

बाईंना वाटलं, असेल कुणी वाडीचा. त्यांनी सायकल वळवून मागं बॅटरी मारली. सडक मोकळी. कुत्रं पण न्हाई. मग मात्र त्यांनी पॅडल जोरात मारायला घेतलं.

तर शेजारनं आवाज आला. अगदी शेजारनं, बरोबरीनं सायकल चालवणाऱ्याचा असतो तसा. भला आवाज. आदबीचा.

"बाई, सडक बरी हाय न्हवं?"

शेजारी कुणी नव्हतं. तरी बाई बोलून गेल्या, की हो, बरी आहे. माणूस घाबरला की बोलून जातो. बोलायचं नसतं. पण बोलल्या. आणि त्यानं सांगितलं, माझं चाक बसलंय, पावटेवाडीला जायचंय, बायको अडलीय, मागं बसतो.

बसू का म्हणून विचारलं न्हाई त्यानं. बसतो म्हणाला.

आणि सायकल मागं दबली. कॅरियरवर भरलेलं पोतं टाकावं तशी. हँडल हलकं झालं, पुढचं चाक लटपटलं. बाईंच्या पाठीला ओल्या मातीचा गारठा लागला. वास पण तसाच, दरड कोसळल्यावर येतो तसा, उकरलेल्या मातीचा. बाई म्हणाल्या, आबा, मला ओरडता पण आलं नाही, माझे पाय आपोआप चालत होते.

पाचवा दगड आला. चुना गेलेला, शेवाळलेला. बाईंनी मनात म्हटलं, आता दरड. आता उतरायचं.

दरड आलीच न्हाई.

सडक पुढं चालूच. आणि कशी सडक! मुरूम नवा, पाणी मारून रोलर फिरवल्यासारखा. खड्डा न्हाई, गवत न्हाई. उतार लागला. पाय न मारता सायकल पळायला लागली. बाईंना क्षणभर बरंच वाटलं. वाटलं, सरकारनं सडक दुरुस्त केली वाटतं, पोचू आता लवकर. मागनं तो पण बोलत व्हता, झालं बाई, आलंच आता, तेवढं वळण.

मग बॅटरीच्या उजेडात एक दगड दिसला. पांढराधोट. ताजा चुना मारलेला, वर काळ्या रंगात आकडा. सहा.

बाई त्या भागात चार वर्षं काम करत व्हत्या. सहावा दगड दरीत गेलाय हे त्यांना ठाऊक. बावीस वर्षांमागं गेलेला दगड ताज्या चुन्यानं उभा कसा? आणि तेवढ्यात दुसरं ध्यानात आलं, ते याहून वाईट. टायरखाली खडी वाजत नव्हती. काहीच वाजत नव्हतं.

बाईंनी ब्रेक दाबला. सायकल थांबेना. दोन्ही ब्रेक करकचून दाबले, तरी थांबेना. तेव्हा त्यांनी हँडलची पिशवी ओढून छातीशी धरली आणि डोंगराच्या अंगाला उडी टाकली. चरात पडल्या. गुडघा फुटला, कोपर सोललं. पिशवी सोडली न्हाई.

मान वर करून बघतात, तर सडक कुठली? दरडीचा काठ. पडल्या त्या जागेपासनं पुढं चार हातांवर जमीन संपलेली. खाली अंधार, आणि लांब खाली ओढ्याचा आवाज. सहावा दगड न्हाई, काही न्हाई.

आणि काठावर सायकल उभी. पडली न्हाई. स्टँड न्हाई, टेकू न्हाई, कुणी धरलेली न्हाई. उभी.

"बाई, उतरलात का?" कॅरियरवरनं आवाज आला. "बायको अडलीय माझी."

बाईंना काय सुचलं कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, "मी तिच्याकडंच चाललेय."

तो म्हणाला, "मग मला का सोडता?"

बाई उठल्या आणि पायवाटेनं खाली ओढ्याकडं घसरत निघाल्या. काटे, दगड, बघितलं न्हाई. मागनं त्यानं हाका मारायला सुरुवात केली. आधी बाई, बाई. मग माणिक. नाव सांगितलं नव्हतं त्यांनी. मग त्यांच्या मेलेल्या वडलांच्या आवाजात, माणके, मागं बघ. मग हाका थांबल्या आणि वरनं धोंडे सुटायला लागले. एक डाव्या अंगानं गेला, एक डोक्यावरनं. बाई कमरेएवढ्या गार पाण्यात शिरल्या, पिशवी डोक्यावर धरली, आणि ओढा ओलांडला. पाणी ओलांडल्यावर सगळं शांत झालं. एकदम शांत. बाई म्हणाल्या, ती शांतता मला जास्त लागली.

वाडीत आल्या तेव्हा आम्ही सगळे हौसाच्या दारात बसलेले. बाई ओल्याचिंब, रगत वाहतंय, तोंड पांढरंफटक. गरम पाणी मागितलं, हात धुतले, आत गेल्या. तासा-दीड तासानं पोर रडलं. मुलगा. हौसा पण वाचली.

सकाळी माझ्या ओसरीवर त्यांनी हे सगळं सांगितलं, आणि शेवटी विचारलं, आबा, रात्री या वाडीत दुसरी कुणी बाई अडली होती का?

मी म्हटलं, न्हाई. पण तो कोण, ते मला कळलं व्हतं. कारण सडक बरी हाय न्हवं, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची सवय एकाच माणसाची. केरबाची. दरड आली त्या राती तो शिरसवण्याहून सायकलवर घरी येत व्हता. बायकोला कळा लागल्याचा निरोप मीच त्याला धाडला व्हता. तो पोचला न्हाई. आठ दिवस उकरलं आम्ही, सापडला न्हाई. आणि त्याच राती त्याच्या बायकोला जी पोरगी झाली, ती हौसा. ही हौसा. समोरच्या घरात पोर घेऊन निजलेली.

मी बाईंना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

दुपारी मी सायकल आणायला गेलो. एकटाच गेलो. भर ऊन. मला वाटलं, दिवसा काय व्हतंय, आणि तो माझा सोबती. ओढा ओलांडून पल्याड चढलो. सायकल काठावर तशीच उभी. पुढचं टायर दाबून बघितलं, कडक. मागचं रिमपतुर बसलेलं. बाजूनं दाबलं तर हवा भरपूर, पण वर वजन हाय.

मी ओळखलं. हात जोडले. म्हटलं, "केरबा, मी बाबू. उतर आता. तुझी बायको सुखरूप सुटली. बावीस वर्सं झाली. पोरगी झाली तुला, हौसा. काल तिला मुलगा झाला. तू आजा झालास, केरबा."

पाखरं गप्प झाली. मला वाटलं, कळलं त्याला. सुटला.

तर कानाजवळनं आवाज आला. रागानं न्हाई. काकुळतीनं.

"बाबू, ही थट्टेची येळ हाय का? म्या आत्ताच तर निघालोय."

आणि माझ्या डोळ्यांदेखत पॅडल फिरलं. एक फेरा. दुसरा फेरा. सायकल काठावरनं पुढं गेली आणि पडली न्हाई. पडल्याचा आवाज आला न्हाई. मी खाली दरीत वाकून बघितलं. नुसते दगड.

मी पळालो. चप्पल ओढ्यात राहिली. त्या दिवसापासनं ती सडक मी तुडवलेली न्हाई. बाईंनी बदली मागून घेतली. हौसाला आम्ही कधी सांगितलं न्हाई. सांगून काय करायचं?

तेव्हा पोरांनो, ऐका माझं. उद्या सकाळी डांबरीनं जा. गाड्या लागतील, धूर लागेल, लागू दे. त्या सडकेला जाऊ नका. रात्री न्हाई, दिवसा पण न्हाई. तो कुणाचं वाईट करायला बसलेला न्हाई हो. केरबासारखा भला माणूस वाडीत नव्हता. पण त्याला घरी जायची घाई हाय. आणि पुढं सडक न्हाई.