बॅटरी का बसते

बॅटरीच्या दुकानात टॅक्सीवाला आपली पाळी यायची वाट बघत होता. पुढचं जोडपं काही केल्या हलेना.

“गाडीला नवे स्पीकर लावल्यापासून बॅटरी सारखी बसते,” नवरा सांगत होता.

“इंजिन बंद ठेवून गाणी ऐकता का?” दुकानदाराने विचारलं.

“ऐकतो. घराखालीच. तासभर.”

“रोज?” बायको म्हणाली. “मला तर सांगता, ऑफिसात उशीर होतो.”

टॅक्सीवाल्याने उगाच छताकडे पाहिलं.

“साहेब, तुम्ही बसता म्हणून ती बसते,” दुकानदार म्हणाला. “ मोठी घ्या, तासभर आरामात चालेल.”

“नको. अर्धा तास चालली तरी पुरे.”

“तासभर चालणारीच द्या हो,” बायको दुकानदाराला म्हणाली. “आणि दोघांनी बसून ऐकलं, तर लवकर बसणार नाही ना?”