कुत्रीसाठी फडा

दिवाळी तोंडावर आली होती. अमरावतीच्या बाजारात झेंडूचे हार ओवता ओवता सुभद्रेचे कान शेजारच्या केरसुण्यांच्या दुकानाकडे लागले.

“शालिकभाऊ, केस निघतीन असा फडा दे.”

“कोनाचे केस, मनकर्णाबाई?”

“कुत्रीचे. घरातच व्याली. पाच पिल्लं हायेत.”

“लक्ष्मी म्हनून पुजतो आपन फड्याले! त्यानं कुत्रीचे केस झाडता? हाकला तिले.”

“पुजेसाठी आनलेल्या नव्या फड्यावरच व्याली ती. मी नाही हाकलत.”

सुभद्रेची सुई थांबली.

“अन् सासूबाई?” शालिकने विचारलं.

“म्हनते, घरात कुत्री राहीन त मी लेकीकडे तिवस्याले जाईन.”

“मंग तुमी काय म्हनलं?”

“म्हनलं, तिवस्याची मोटर सकाळीच असते. तू फडा दाखव.”