एप्रिलच्या बारा फुल्या

पनवेल स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या पुढे मायलेकी उभ्या होत्या. मुलीच्या हातात उड्डाणांचं लॉगबुक, आईच्या हातात गुंडाळलेलं कॅलेंडर.

"म्हणजे विमानात बसूच दिलं नाय तुला? पायलटची परीक्षा ना ती?"

"आधी तास तपासतात, आई. एप्रिलमधल्या बारा दिवसांचे खोडले. म्हणाले, ते बारा दिवस विमान दुरुस्तीला होतं."

"खोडले? तुझ्या सरांची सही हाय ना त्यावर?"

"आहे."

"मग ह्या कॅलेंडरातल्या एप्रिलच्या पानाची झेरॉक्स काढ. तू उडलीस की मी फुली मारायची. ही बघ, नऊ तारीख. मामाच्या निकेशचा साखरपुडा, पंगत उठली तरी मी ताटावर बसले नाय."

"कॅलेंडर पिशवीत ठेव."

"का म्हणून? साहेबाला दाखवू. तुझाच फोन यायचा ना, 'आई, उतरले, आता जेव'?"

"हो."

"बारा दिवस आला."

"सर म्हणाले, तास लिहून टाक, सगळेच लिहितात. मग घरी काय सांगू? तू रोज विचारायचीस, आज उडलीस का."

"ताई, काय काढायचंय?" दुकानदाराने विचारलं.

"काय नाय, दादा. भाविका, एवढंच सांग. मी उपाशी देवापुढं बसायची, तवा तू कुठं असायचीस?"

"कॅन्टीनमध्ये."