कापलेलं कुलूप

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे व्यवस्थापक साहेब, आजचे सत्कारमूर्ती आपले फिटरदादा, पहिल्या रांगेत त्यांच्याशेजारी बसलेल्या वहिनी, आणि पाळी संपवून, हात धुवून थेट इथे आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

दादांवर बोलायचं तर कुलपापासूनच सुरुवात करावी लागते, नाही का? हसू नका. दुरुस्तीला मशीनमध्ये उतरायचं तर मेन स्विच पाडून त्याला आपलं कुलूप लावायचं, चावी आपल्याच खिशात. नियम सगळ्यांना होता, पाळायचे एकटे दादा. शिवाय चालू करायचं बटण दाबून मशीन बंदच आहे याची खात्री करणार, पात्यांना लाकडी ओंडका अडकवणार. म्हणायचे, "वीज गेली म्हणजे जोर गेला असं नाही." आम्ही चेष्टा करायचो, दादा घरची तिजोरी उघडी टाकतील, स्विच नाही. मला तर वैतागच यायचा. पाळीप्रमुख मी, काम अडलं की बोलणी मी खायचो.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. जेवणाची सुट्टी संपली तरी मोठा मिक्सर बंदच. स्विचला दादांचं कुलूप. दोन हाका मारल्या, ओ नाही. म्हटलं, झालं! हे कुलूप विसरून जेवायला गेले. डोकं फिरलं माझं. कटर मागवला आणि कुलूप कापलं.

स्विच वर केला. बटणावर बोट ठेवलं, तोच मिक्सरच्या आतून पान्याचा ठोका ऐकू आला. शेजारच्या मशीनच्या घरघरीत त्यांना माझी हाक पोचलीच नव्हती.

दादा बाहेर आले. तुटलेलं कुलूप पाहिलं. म्हणाले, "साहेब, कुलूप ज्याचं त्यानंच काढायचं. तो सापडत नसेल तर आधी त्याला शोधायचं." बस, एवढंच. कुणाकडे तक्रार नाही. ते बरं झालं की वाईट, मला अजून उमगलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येकाचं कुलूप तपासू लागलो. वर्षअखेरीस व्यवस्थापक साहेबांनी त्याबद्दल माझा सत्कार केला, आणि मी निर्लज्जासारखा हार घालून घेतला! टाळ्या वाजवणाऱ्यांत दादाही होते.

वहिनी, हे त्यांनी घरीही सांगितलं नसणार. आज दादा तुमच्याशेजारी बसलेत, ते त्या पान्याच्या ठोक्यामुळे. माझ्यामुळे नाही.

हे ते कुलूप. इतकी वर्षं माझ्या खणात होतं. उद्यापासून त्या स्विचशेजारी लटकेल, कुणी कापलं ते खाली लिहून.

अध्यक्ष महोदय, बोलू दिलंत, आभारी आहे. भाषणात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. कुलपाचं मात्र घालू नये. त्याची माफी द्यायची की नाही, हे वहिनींनी ठरवावं.