श्वास घेणाऱ्या प्रेताचं घर

—नाही नाही, मालिकेतलं पोलीस ठाणं ते खाली, धक्क्यापाशी, निळ्या दाराचं. आणि ते ठाणं नाहीच मुळी, कोळ्यांची सोसायटी आहे, आत बर्फाचं मशीन आणि जाळी, वासानं उभी राहणार नाहीस तू. पण तू एवढा चढ चढून इथे आलीस म्हणजे तुला ते घर बघायचंय. हो ना? मग हेच ते. बस. ती टोपी काढ आधी, डोकं तापेल. सगळे तसलीच हिरवी टोपी घालून येतात. अगं, इन्स्पेक्टर थ्रॉपला शोभते ती, त्याच्या डोक्यावर एक माणूस छत्री धरून उभा असायचा, कॅमेऱ्यात न दिसेलसा. तुझ्यावर कोण धरणार? हां, बस तिथे, पायरीवर. मी उठत नाही, हे नारळाचं आइसक्रीम आहे, दांडा फिरवायचा थांबला की बसलंच खाली. तुझं फ्रेंच बरंय गं. शाळेतलं आहे, पण बरंय. मला फ्लोरिज म्हणतात.

दाखव ते पुस्तक. हो, माहितीये मला, सगळ्यांकडे असतं. कुठला बार, कुठली पायवाट, कुणाला कुठल्या झाडाखाली विष घातलं — सगळं आहे त्यात. माझं घर शेवटाला आहे, मालिकेतल्या चुकांच्या पानांवर. वाचू नकोस, येतं मला. आधीच्यांनी वाचून दाखवलंय. 'श्वास घेणाऱ्या प्रेताचं घर.' आणि खाली एक उद्गारचिन्ह. हसतात सगळे. तूही हस, मला काही वाटत नाही. खरंच नाही वाटत, उगाच नाही सांगत.

दरवर्षी यायची ती मालिकावाली माणसं, इंग्लंडहून. आली की आमचा गाव ग्वादलूपमधला राहायचा नाही, इंग्रजांचं कुठलंसं बेट व्हायचा. गाड्यांच्या पाट्या बदलायच्या, गाड्या उलट्या बाजूनं हाकायच्या, आमच्या बेकरीवर इंग्रजीत 'पोस्ट' लिहिलं — आणि ही शेजारची एलिएत, चाळीस वर्षं त्या बेकरीतून पाव घेतेय, ती तिथे पत्र टाकायला गेली! मी म्हटलं, बाई गं, तुला इंग्रजी येत नाही ते एक बरं, नाहीतर ब्रिटनच्या राणीला मत देऊन आली असतीस. असो. आणि प्रत्येक भागात एक मेलेला. इतकी माणसं मारली त्यांनी या गावात, की दिवा लावायला कुणी उरायला नको होतं. आम्ही सगळ्यांनी कामं केली त्यात. कोळी झालो, नर्स झालो, बाजारातल्या बायका झालो — म्हणजे आहोत तेच झालो. पण मेलेला कुणी झालं नाही. मेलेले ते पॅरिसहून आणायचे, विमानानं. आमच्यातलं कुणी मेल्याचं सोंग घेत नाही गं. काहीही दे, नाही म्हणजे नाही.

एकटा माझा नवरा झाला मेलेला. रोझमोन. दुसरं कोण होणार? गाव म्हणालं नको, पाद्रीबाबा म्हणाले नको, मी म्हटलं मेल्या, नको — शब्द काय निघाला बघ तोंडातून! तो म्हणे, फ्लोरिज, लोक झोपायचे पैसे देतायत, मी आयुष्यभर फुकट झोपलोय. झालं. आणि घरही आमचंच घेतलं. खोली आमची, पलंग आमचा. जरा हा दांडा धर गं, खांदा भरलाय. फिरव. दोन्ही हातांनी. हां, अशी.

तर त्या भागात इन्स्पेक्टर थ्रॉप मयताच्या जागरणाला येतो, प्रेतापाशी रात्रभर बसतात ना, त्याला, इतकंच होतं. येणार, टोपी काढणार, मेलेल्याच्या बोटाचं नख बघणार आणि जाणार. त्या बाईंनी, ती दिग्दर्शक, तिनं सांगितलं, तुम्ही तुमच्यात जसं करता तसं करा. असं सांगायचं असतं का कुणाला? आम्हाला अर्धं करताच येत नाही. दिवसाढवळ्या खिडक्यांना काळं कापड लावून त्यांनी रात्र केली, आणि गावानं रम आणली, कॉफी आणली, मटणाचं पातेलं आणलं, मयताच्या घरी झाकतात तशी माझ्या आरशावर चादर टाकली — कॅमेऱ्यात कशी दिसते म्हणून ती लोकं काढायची, आमच्या बायका परत टाकायच्या. रोझमोनला लग्नातला कोट चढवला. पोटावर बटण लागेना. मग पाठीवर उभा कापला, मेलेल्याची पाठ कोण बघतंय. आणि म्हातारे ओव्हिदकाका आले. गोष्टी सांगणारे. या किनाऱ्यावर त्यांनी गोष्ट सांगितल्याशिवाय मेलेला माणूस मेलेला धरत नाहीत. ते ओरडले, 'क्रिक!' आणि सगळं घर, 'क्रॅक!' झालं, सुरू. कॅमेरा कुठे आहे कुणाला पडली नव्हती.

गोष्ट मेलेल्याचीच सांगायची असते. ओव्हिदकाकांनी आमच्या लग्नाची काढली. लग्नाच्या दिवशी हा होडीत झोपला. मी चर्चमध्ये, पाद्री चर्चमध्ये, आणि हा कोट घालून होडीत घोरतोय, छातीवर कुणाचीतरी कोंबडी. हीच गोष्ट, हाच कोट! काका विचारतायत, 'रोझमोन उठला का?' आणि गाव ओरडतंय, 'नाही, झोपलाय!' 'नवरी आली, तरी उठला नाही?' 'नाही, झोपलाय!' मी उशाशी. मला विधवा व्हायचं होतं. रडा म्हणाली ती दिग्दर्शक. कुठलं रडू येतंय? मला दिसत होतं ना — त्याचं पोट. हसू दाबत होता. कोट असा वर, असा खाली. मी चिमटा काढला त्याला, उशीखालून. तो आणखीच हलला. तेच ते तुमचं. तीच चूक.

फिरव, फिरव. थांबायचं नाही.

मग काय. मग ती लोकं गेली, पावसाळा गेला, आणि एक दिवस तो मासे आणायला गेला आणि नाही आला. तुफान नव्हतं, काही नव्हतं. होडी सापडली, शेजारच्या डॉमिनिका बेटाच्या बाजूला वाहत गेलेली. आत टोपी होती आणि मी बांधून दिलेली पुरी, खारा मासा भरलेली, कागदातली तशीच. तो नव्हता. विमानानं बघितलं, बोटींनी बघितलं. रेडिओवर मयतांच्या बातम्या लागतात ना सकाळी, अमक्याचा मुलगा, तमक्याचा मेहुणा, तिथे त्याचं नाव द्यायचं का म्हणून विचारायला आले. मी म्हटलं, काय सांगणार? कधी नेणार, कुठून नेणार? परत गेले बिचारे. आमच्या घराण्याची कबर आहे तिकडे वर, काळ्यापांढऱ्या फरशांची, तो दरवर्षी रंगवायचा. त्यात त्याची जागा आहे. रिकामी आहे. मी तिथे मेणबत्ती लावत नाही. रिकाम्या जागेला काय लावायची?

आणि ऐक, गावानं काय केलं. मी ओव्हिदकाकांकडे गेले. म्हटलं, काका, प्रेत नसलं तर नसलं, जागरण तरी करा, गोष्ट सांगा.  म्हातारा म्हणाला, पोरी, मी त्याची गोष्ट एकदा सांगून झालोय. एका माणसाचं जागरण दोनदा करत नाहीत. एकदा करताना उशाशी तूच होतीस. असं म्हणाला! मी भांडले, म्हटलं, ते सोंग होतं. तो म्हणाला, कॅमेरा त्यांचा होता, गोष्ट माझी होती. गोष्टीचं सोंग होत नाही. आणि सगळा गाव माना हलवतोय. म्हणजे माझ्या नवऱ्याचं जागरण झालेलं आहे, आणि मी त्यात चिमटे काढत होते. असं आहे ते.

आता उरली नऊ दिवसांची प्रार्थना. ती झाली की मेलेला जातो. नवव्या दिवशी त्याला सांगायचं, जा बाबा आता. वर्षभर थांबले गाववाले माझ्यासाठी. मी हो म्हणेना तेव्हा एलिएतनं आपल्या घरी सुरू केली. तिच्या घरी! माझ्या नवऱ्याची! आठ दिवस झाले, भिंतीपलीकडून ऐकू येतं मला सगळं. मी इकडे नारळ खवत असते. पण नववा दिवस मेलेल्याच्या घरीच लागतो, त्याच्याच पलंगापाशी, ते काही तिच्या घरी चालत नाही. आज आहे नववा. म्हणून ती सकाळपासून माझ्या दारावरून फिरतेय, तू बघितलीस ना, छत्रीवाली? ते काय आली परत. — नाही गं बाई! सांगितलं ना नाही! खुर्च्या तुझ्याकडेच राहू देत! — बघितलंस? चेहरा कसा केला. चांगली आहे ती. पण नाही म्हणजे नाही.

का नाही? तुला काय करायचंय? अगं, या पुस्तकामुळेच. हो. ती मालिका मी बघितलेली नाही. इकडे टीव्हीवर लागली तेव्हा तो जाऊन महिने झाले होते. सगळा गाव बारमध्ये बघायला गेला, मी नाही गेले. मग तुम्ही लोक यायला लागलात, चढून, घाम पुसत, आणि दारातूनच विचारायचात, 'श्वास घेतो तो माणूस, ते घर हेच ना?' घेतो. 'घेतला' नाही म्हणायचं कुणी. एकजण म्हणाला, मी वीस वेळा बघितलंय, दर वेळी घेतो. मला बरं वाटायचं गं ऐकून. वेड्यासारखं आहे, माहितीये मला. पण मी म्हणायचे, कुठेतरी घेतोय ना? इंग्लंडात कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत रोज घेतोय. मग त्याला जा म्हणून कसं सांगायचं? म्हणून कुणी येऊ दे, मी बसवते, आइसक्रीम देते, खोली दाखवते. दुसऱ्या कशानंच काही वाटलं नाही मला वर्षभरात. तेवढ्यानंच बरं वाटतं.

आहे? तो भाग तुझ्या फोनवर आहे? नको. सगळे दाखवायला बघतात, मी नको म्हणते. — किती वेळाचं आहे? एवढंसंच? — नको गं. — थांब, हात पुसू दे. बर्फातल्या मिठाचे हात आहेत. आण. तू फिरवत राहा. कुठे दाबायचं? हां.

ही मी. अगंबाई, किती काळी दिसतेय. हा आरसा, चादर काढलीच शेवटी त्यांनी. ओव्हिदकाका. आवाज नाही का काकांचा? गाणं घातलंय वरून. बरं. तो आला बघ टोपीवाला. आता वाकेल. हा रोझमोन. हा कोट. —

परत लाव. मी बरोबर बघितलं नाही. परत लाव गं.

हलत नाहीये.

पोट हलत नाहीये. तो वाकलाय तेव्हाच हलायला हवं, मी चिमटा काढला तो तेव्हाच, हा बघ माझा हात उशीखाली. माझा हात हलतोय. तो नाही हलत. तुझा फोन अडकलाय का? नाही, हात हलतोय ना. काय म्हणालीस? हळू बोल. नवीन आवृत्तीत. कुणी? कंपनीनं. फोनवर बघायला देतात त्यात नीट करून घेतलं. लोक हसायचे म्हणून. तेवढ्या जागी चित्र थांबवलं, बाकीचं चालू ठेवलं. असं करता येतं? येत असेल. हो. चूकच होती ती. प्रेत आहे, प्रेतानं कशाला श्वास घ्यायचा. चांगलं केलं. सफाईनं केलंय, नाही? कळतसुद्धा नाही.

नाही, रडत नाहीये मी. तू कशाला रडतेस? तुझी काय चूक? तू दाखवलंस, मी बघितलं. त्याला मेलेला मी बघितलाच नव्हता गं अजून. आता बघितला. चांगला दिसतोय. कोट बसलाय नीट. दांडा सोडलास का? असू दे. झालं असेल आता, घट्ट लागतंय. वाटी घे ती. खा. दालचिनी जास्त झालीय आज.

— एलिएत! एऽ एलिएत! थांब, जाऊ नकोस! खुर्च्या आण. हो. हो, सगळ्या. आणि काकांना सांग, गोष्ट नको म्हणावं, नुसते येऊन बसा. कॉफी मी करते. आणि तुझ्याकडची मोठी चादर आण, आरशाला पुरेल अशी. — हो म्हटलं ना, आता रडत उभी राहू नकोस रस्त्यात, माणसं बघतात!

तू नीघ, पोरी. खाली शेवटची बस चुकवशील. खोली राहिली ना बघायची? आज नको. आज ती त्याची आहे. पैसे ठेव तुझे. टोपी विसरू नकोस. आणि ते फाटक — नाही, ओढू नकोस. उघडंच राहू दे. माणसं यायचीयत.