परवान्याचा आहेर

“अप्पा, गोळ्या एकट्यानं खाऊ नको रे, समद्यांना वाट.” चाळीस वर्षांपूर्वीचा आईचा आवाज पूर्णेच्या बसस्टँडवर अप्पाराव सरांना आज उगीच ऐकू आला. शेजारी प्राचार्या सुमंगलाबाई होत्या आणि अख्खा बाक कान देऊन बसला होता.

“सर, सोमवारी परीक्षा, अन् लॅबमधले तीसही नवे कॉम्प्युटर सॉफ्टवेअरच्या परवान्याचा नंबर मागायलेत.”

“टाकला की, मॅडम. नारळ फोडून टाकला. मर्यादा संपली म्हणतंय.”

“पन्नास कॉम्प्युटरांचा नंबर होता ना?”

“मी संगणकाचा मास्तर, मॅडम. गणित आधीपासूनच कच्चं.”

“थट्टा पुरे. नंबर चोरीला गेलाय. लॅबची किल्ली शिपाई हरिओममामाकडं असते, उद्याच काढते त्यांना.”

“मामाला माऊस धरता येत न्हाई, मॅडम.”

“मग कुणी नेला?”

“मीच वाटला. वालूरच्या लग्नात नवरदेवाला लॅपटॉप आला, तर मी लिफाफ्यात नंबर घातला, वर हळदकुंकू. लय वाहवा झाली. मग दोन उन्हाळे प्रत्येक लग्नात तोच आहेर.”

“अहो, पन्नास लग्नं?”

“एकोणपन्नास. पन्नासावं तुमच्या लेकीचं, श्रद्धाचं.”